परतीच्या वाटेवरील मुक्काम : मेरी वुलस्टनक्राफ्ट यांचे कोपनहेगन

उद्दिष्ट : हा उपघटक अभ्यासल्यानंतर प्रवासवर्णनातील पाहिलेले, ऐकलेले व अनुमानलेले यांत तुम्हांला भेद करता येईल.

विषयविवेचन

विद्यार्थी मित्रहो, प्रवासाच्या अखेरीस एखाद्या शहरात अल्पकाळ थांबून लेखक त्या शहराविषयी मत मांडतो. ते कितपत ग्राह्य मानावे? इंग्लिश लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट यांच्या उदाहरणावरून हा प्रश्न समजून घेऊ. १७९५ मध्ये व्यापारविषयक कामानिमित्त त्यांनी स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क या देशांचा प्रवास केला. त्यावरील पंचवीस पत्रांचे त्यांचे पुस्तक १७९६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. कोपनहेगन हा या प्रवासाच्या अखेरीचा एक टप्पा होय. तेथून त्या हॅम्बुर्गमार्गे इंग्लंडला परतल्या.

(अ) पाहिलेले : शहराजवळ येताच त्यांना मैदानावर तंबू दिसले. प्रथम ती लष्करी छावणी असावी असे त्यांना वाटले. मग कळले की, तो आगीत बेघर झालेल्या गरीब कुटुंबांचा आसरा होता. त्याच वर्षी जूनमध्ये लागलेल्या त्या आगीत नऊशेहून अधिक घरे नष्ट झाली होती. पहिला समज आणि त्याची दुरुस्ती ही दोन्ही लेखिकेने वाचकासमोर ठेवली आहेत, हे लक्षात घ्या.

(आ) ऐकलेले : वाटेतील काही घरे वेळीच पाडली असती, तर आग आटोक्यात आली असती, परंतु रहिवाशांनी त्यास संमती दिली नाही, असे त्या लिहितात. आग त्यांनी स्वतः पाहिली नव्हती. हा दोषारोप लोकांच्या सांगण्यावर आधारलेला आहे. मात्र आपण तो इतरांकडून ऐकला, हे त्या स्पष्ट करतात.

(इ) अनुमानलेले : येथील धनिक वर्ग द्रव्यार्जनातच गुंतलेला व घरात हुकूमशाही गाजवणारा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. थोड्या दिवसांच्या सहवासावरून संपूर्ण वर्गाविषयी केलेले हे विधान आहे. नॉर्वेतील मोकळ्या जीवनाची ताजी आठवण आणि लांबच्या प्रवासाचा शीण यांचाही त्यावर प्रभाव पडला असावा. आपत्तीला काही महिनेच झालेल्या नगरीला असा निकाल न्याय्य आहे काय, हा प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे.

तथापि अखेरच्या मुक्कामाचे एक सामर्थ्यही येथे दिसते. आधी उत्तरेकडे प्रवास केला असता, तर फ्रेंच लोकांवरील आपली टीका इतकी कठोर झाली नसती, अशी कबुली त्या कोपनहेगनमध्येच देतात. तुलनेसाठी अनेक देश जमेस असल्यामुळे जुने मत तपासणे त्यांना शक्य झाले. म्हणजेच अल्प मुक्कामातील लेखन त्या शहराविषयी अपुरे असले, तरी लेखकाच्या दृष्टीतील बदलाचा तो मोलाचा पुरावा ठरू शकतो.

स्वाध्याय

१. तंबूंच्या प्रसंगातून लेखिकेचा कोणता गुण व्यक्त होतो?
२. तुम्ही वाचलेल्या एका मराठी प्रवासवर्णनातील तीन विधाने निवडून त्यांचे वरील तीन प्रकारांत वर्गीकरण करा व प्रत्येकाचे कारण लिहा.