मासे धरणारी मुले



परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात मी शिक्षक आहे. एकदा एक आई रडत आली. मोठी पोरे तिच्या मुलाची वही डबक्यात टाकीत, त्याला हिणवीत. मी त्या पोरांना समज दिली. पण पुढच्याच आठवड्यात हाच मुलगा पालावरच्या पारध्याच्या मुलाला ‘चोर’ म्हणून चिडवताना दिसला. मुलगा आपल्या बौद्ध कुटुंबातला! त्या रात्री मला झोप आली नाही.

उदान या पाली ग्रंथात एक प्रसंग आहे. श्रावस्ती आणि जेतवनाच्या दरम्यान काही मुले मासे धरून त्यांचे हाल करीत होती. तथागतांनी त्यांच्यावर हात उगारला नाही. ‘दुःख तुम्हांला नकोसे वाटते ना?’ एवढेच विचारले. मुले ‘हो’ म्हणाली. तेव्हा तथागतांनी सांगितले की, दुःख नको असेल तर उघडपणे वा लपून वाईट कर्म करू नका.

हाच प्रश्न मी त्या मुलाला विचारला. त्याने मान खाली घातली. उत्तर त्याला ठाऊक होते. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शिपाई नसला तर तहानलेले राहत. ते दुःख ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्या मुलांनी दुसऱ्याला ते द्यावे काय?

आईबापांनो, रोज संध्याकाळी मुलाला विचारा : आज तुला कोणी छळले का? तू कोणाला छळलेस का? कोणाला छळताना पाहून तू गप्प राहिलास का? तिन्ही प्रश्न विचारा. पाहणारा गप्प राहिला की छळणाऱ्याचे फावते.

मूल छळाची हकिगत सांगू लागले तर ‘गप्प बस’ म्हणू नका. ‘तूही दोन ठेवून दे’ असेही शिकवू नका. गुरुजींना भेटा. तरीही छळ थांबला नाही तर मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या व पोच घ्या. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 सालचा आहे. वसतिगृहेही त्यात येतात. तक्रार आल्यापासून 7 दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी केलीच पाहिजे. संकटातल्या मुलांसाठी 1098 हा मोफत दूरध्वनी आहे. तो क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या.

पंचशील आपण रोज म्हणतो. पहिले शील प्राणिमात्राला इजा न करण्याचे आहे. शाळेच्या पटांगणात मूल ते पाळते का, हे पाहणे आपले काम आहे.

जयभीम!