सांचीच्या दगडांवरची नावे



या वर्षीची आठवी-नववीची शैक्षणिक सहल सांचीला गेली होती. दरवर्षीप्रमाणे सहलीचा वृत्तांत एखाद्या विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावा असा विचार होता. परंतु या सहलीत एक घटना अशी घडली की तिच्याबद्दल आम्हीच लिहिणे योग्य वाटले. मात्र आधी सांची काय आहे ते नीट समजून घेऊ, म्हणजे ती घटना का महत्त्वाची ते आपोआप कळेल.

सांची रायसेन जिल्ह्यात आहे. भोपाळपासून सुमारे ४६ किलोमीटर आणि विदिशेपासून दहाएक किलोमीटर. विदिशा ही प्राचीन काळी व्यापाराची मोठी पेठ होती. बौद्ध ग्रंथांतील परंपरेनुसार सम्राट अशोकाची पत्नी देवी ही विदिशेच्या एका श्रेष्ठीची कन्या. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने येथे विटांचा स्तूप बांधला. पुढे शुंगकाळात त्यावर दगडी आच्छादन घालून तो जवळजवळ दुप्पट केला गेला. आज दिसणाऱ्या मोठ्या स्तूपाचा व्यास ३६.६ मीटर व उंची १६.४६ मीटर आहे. चार दिशांची चार कोरीव तोरणे त्याही नंतरची, म्हणजे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील. १९८९ साली युनेस्कोने सांचीला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतले. आपल्या २०० रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूस हाच स्तूप आहे. सहलीत एका मुलाने नोट काढून समोर धरली आणि दोन्ही ताडून पाहिले!

आमच्याबरोबर परवानाधारक मार्गदर्शक होते. मुले त्यांना लगेच 'गाइड भैया' म्हणू लागली. त्यांनी प्रथमच एक गोष्ट सांगितली. स्तूप ही आत शिरण्याची इमारत नव्हे, ती भोवती फिरण्याची इमारत आहे. म्हणून पूर्वेकडून सुरुवात करायची आणि स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा करायची. देवळात आपण करतो तशीच.

पूर्व तोरणाच्या मधल्या तुळईवर एक घोडा नगराबाहेर पडताना दिसतो. पुन्हा पुन्हा तोच घोडा. त्याच्यावर छत्र धरलेले आहे, पण पाठीवर कोणीच नाही. "घोडेस्वार कुठे गेला?" असे भैयांनी विचारले. कोणी म्हणाले तुटून पडला, कोणी म्हणाले कोरायचा राहिला. मग त्यांनी समजावले की, हा सिद्धार्थाचा गृहत्याग आहे. त्या काळी बुद्धांची मूर्ती घडवत नसत. जेथे छत्र आहे तेथे सिद्धार्थ आहेत असे समजायचे. शेवटी घोडा परत फिरतो तेव्हा त्याच्यावर छत्र नाही, आणि सेवक छन्न पावलांच्या ठशांपुढे गुडघे टेकून आहे. पाऊल, वृक्ष, चक्र, रिकामे आसन. एवढ्या खुणांवर सगळे चरित्र सांगितले आहे. मुले त्यानंतर प्रत्येक तोरणावर खुणा शोधू लागली. पाहायचे कसे ते एकदा कळले की मुलांना गप्प बसा म्हणून सांगावे लागत नाही, हा आमचा अनुभव आहे.

पश्चिम तोरणावर महाकपी जातक आहे. वानरांचा राजा स्वतःच्या शरीराचा पूल करतो आणि आपला कळप नदीपार नेतो. उत्तर तोरण सर्वांत चांगले टिकले आहे. त्याच्या खालच्या तुळईवर वेस्संतर राजपुत्राची कथा आहे. मागेल त्याला सर्व काही देऊन टाकणारा असा हा राजपुत्र. चारही तोरणांचे शिरोभाग वेगळे आहेत. दक्षिणेला सिंह, पश्चिमेला ठेंगणे यक्ष, पूर्वेला आणि उत्तरेला हत्ती. पुढे जाणाऱ्यांनी ही ओळख लक्षात ठेवावी, म्हणजे दिशा चुकणार नाही.

आता दक्षिण तोरणाकडे येऊ. चारही तोरणांत हे सर्वांत आधीचे. त्याच्या वरच्या तुळईवर ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. राजा श्री सातकर्णी याच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याने हे दान दिले असे तो लेख सांगतो. भैयांनी मुलांकडे पाहून विचारले, "आप लोग तो मराठी हैं न? सातकर्णी कौन था, बताइए."

कोणी बोलेना. मुलांनी आमच्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर आम्हीही क्षणभर गप्प राहिलो. आमचे पदवीपर्यंतचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. सातवाहन वंशाची नामावली आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. परंतु ती पुस्तकातली नावे आणि घरात बोलायची मराठी, यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कधी मनात आले नव्हते. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे गोदावरीकाठचे आपले पैठण. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्या काळच्या लेखांची भाषा प्राकृत, आणि मराठी त्याच प्राकृताच्या घराण्यातली. म्हणजे आपले पूर्वज माळव्यात येण्याच्या कितीतरी शतके आधी, पैठणच्या राजाचे नाव या टेकडीवर कोरले गेले होते. हे मुलांना आधी सांगून ठेवायला हवे होते. ते आम्ही केले नाही, ही उणीव आमची.

याच तोरणाच्या एका खांबावर आणखी एक लेख आहे. येथील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंतावर काम करणाऱ्या कारागिरांनी केले असे तो सांगतो. हस्तिदंतावर चालणारा हात दगडावर चालला, म्हणूनच इतके बारीक नक्षीकाम झाले. राजाचे नाव लेखात यावे यात नवल नाही, पण कारागिरांचेही नाव यावे ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कठड्याजवळ आल्यावर मात्र खरा धडा सुरू झाला. स्तूपाभोवतीचा दगडी कठडा सुतारकामासारखा आहे. उभ्या खांबांना खाचा पाडून त्यांत आडवे दगड बसवले आहेत. त्या खांबांवर, आडव्या दगडांवर, पायाखालच्या फरशांवरही लहान लहान लेख आहेत. सांचीत असे सहाशेहून अधिक दानलेख मिळाले आहेत. देणारे कोण? भिक्षू, भिक्षुणी, व्यापारी, विणकर, लेखनिक, गृहिणी. कोठे साऱ्या गावाने मिळून दिलेले दान. दात्यांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी आहे. आणि आपल्याला विशेष आनंदाची गोष्ट अशी की, उज्जैनच्या पुष्कळ दात्यांची नावे येथे आहेत.

हे लेख शेकडो वर्षे कोणालाच वाचता येत नव्हते. ब्राह्मी लिपी लोक विसरून गेले होते. जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे सांचीच्या लेखांचे ठसे आले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की बहुतेक लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. देवस्थानात लोक कशासाठी नाव घालतात? काहीतरी अर्पण केले म्हणून. तेव्हा ती दोन अक्षरे 'दानं' असली पाहिजेत, असा त्यांनी तर्क केला. त्याच्या आधीचे अक्षर 'स', म्हणजे आपल्या 'चा-ची-चे'सारखे, 'अमक्याचे दान'. या किल्लीने १८३७ साली ब्राह्मी उलगडली, आणि अशोकाचे शिलालेख बोलू लागले. म्हणजे एवढ्या मोठ्या सम्राटाचा इतिहास साध्या माणसांनी दिलेल्या दगडांमुळे वाचता आला!

आता ती घटना. स्तूप पाहून झाल्यावर मुले विहारांच्या अवशेषांकडे गेली. तेवढ्यात चौकीदाराने आवाज दिला. आपला एक विद्यार्थी कंपासमधल्या कर्कटकाने एका दगडावर आपले नाव कोरत होता. दोन अक्षरे कोरून झाली होती. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही, आणि कोणी तर्कही करू नये.

प्राचीन स्मारकाची नासधूस करणे हा गुन्हा आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आम्ही तेथील कर्मचाऱ्यांची हात जोडून माफी मागितली. त्यांनी समज देऊन सोडले, हा त्यांचा मोठेपणा. मुलगा रडायच्या बेतात होता आणि आम्ही रागावलेले होतो. तेव्हा गाइड भैया त्याला खांद्यावर हात ठेवून पुन्हा कठड्याजवळ घेऊन गेले. एका लेखाची शेवटची दोन अक्षरे दाखवून म्हणाले, "बेटा, नाम इन्होंने भी लिखवाया. पर पहले पत्थर दिया, फिर नाम लिखवाया. तुमने क्या दिया?"

आम्ही इतकी वर्षे शिकवत आहोत, पण एवढा थोडक्यात धडा आम्हाला देता आला नसता.

अर्थात दोष केवळ मुलांचा असतो असे नाही. अशोकाने येथे उभारलेला स्तंभ एका जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडला, असे पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शल यांनी नमूद करून ठेवले आहे. त्याचे सिंहशीर्ष आज तेथील संग्रहालयात आहे. १८२२ साली आत धन असेल या आशेने मोठा स्तूप वरून खालपर्यंत फोडला गेला. पुढे मार्शल यांनी १९१२ ते १९१९ या काळात टेकडीवरच्या वास्तू पुन्हा उभ्या केल्या. या स्थळाच्या जतनासाठी भोपाळच्या शाहजहान बेगम व सुलतान जहान बेगम यांनी पैसा दिला. स्तूप बौद्धांचा, राखणाऱ्या बेगमा मुसलमान, तोरणावर नाव पैठणच्या राजाचे, आणि पाहायला गेलो आपण. कोणाची वस्तू म्हणायची ही? ज्याने जपली त्याची, असे आम्हाला वाटते.

सहलीनंतर काही पालकांनी व विश्वस्तांनी विचारले की, असे प्रकार होणार असतील तर सहली बंद का करू नयेत? प्रश्न रास्त आहे. आमचे नम्र मत असे की, सहली बंद करू नयेत, तयारी वाढवावी. यापुढे सहलीआधी दोन तासिका त्या स्थळाविषयी होतील, त्यांतली एक इतिहासाची व एक वागणुकीच्या नियमांची. कंपासपेट्या बसमध्येच राहतील. आणि प्रत्येक विद्यार्थी परत आल्यावर एका शिल्पाविषयी मराठीतून दहा ओळी लिहील.

तो मुलगा आठवड्याने आमच्या कचेरीत आला. आपल्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर देणगीदारांचा जुना संगमरवरी फलक आहे. आपण रोज त्याच्यासमोरून जातो. त्याने विचारले, "सर, त्या फलकावर 'स्मरणार्थ' लिहिले आहे, त्याचा अर्थ काय?" आम्ही सांगितला. मग म्हणाला, "म्हणजे हेसुद्धा दानंच ना?"

होय, हेसुद्धा दानंच. आमच्याच वर्गांतल्या बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावेही पुष्कळ आहेत. फलकावरची नावे आणि बाकांवरची नावे, दोन्ही आमच्याच शाळेतली.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय :
१. पूर्व तोरणावरच्या घोड्यावर स्वार का नाही, ते तीन-चार ओळींत लिहा.
२. आपल्या शाळेच्या फलकावरचे कोणतेही एक नाव निवडा. त्यांनी शाळेला काय दिले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
३. आपण शाळेला काय देऊ शकतो, एक गोष्ट लिहा. पैशाची नको.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे आम्ही स्वतः वाचणार आहोत.

— मुख्याध्यापक