एक दार की सगळी दारं?

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि जीव कळवळला बघ. दिवसभराचं ऑफिस करून आलीस, एका हातात भाजीची पिशवी, खांद्यावर पेंगुळलेलं लेकरू. रिमोट दाबलास तर तीन दारं बंद झाली आणि मागचं डावं तसंच उघडं. मग पुन्हा गाडीत वाकून हाताने खटका दाबायचा, हे रोजचंच झालंय. "ताई, बारा वर्षांची गाडी आहे, विकूनच टाकते," म्हणालीस. थांब जरा. एका लॉकपायी गाडी विकायची नसते गं. तू अख्खं घर चालवतेस, हे दार काय मोठं आहे?

आधी दाराच्या पोटात काय असतं ते समजून घे, म्हणजे निम्मी भीती तिथेच जाईल. प्रत्येक दारात, आतल्या पॅडच्या मागे, काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक डबी असते. गॅरेजवाले तिला ॲक्च्युएटर म्हणतात, किंवा नुसतंच "लॉकची मोटर". तिच्यात 12 व्होल्टवर चालणारी इवलीशी मोटर आणि दोन-तीन प्लॅस्टिकचे दाते असतात. करंट एका बाजूने गेला की दांडी खाली सरकते आणि लॉक लागतं, उलट्या बाजूने गेला की वर येते आणि उघडतं. बस्स, एवढंच.

आता गाडीजवळ जा आणि स्वतःला एकच प्रश्न विचार: एक दार बिघडलंय की सगळी दारं? खरं सांगू का, निम्मं निदान या एका प्रश्नातच होतं. आणि हा प्रश्न न विचारल्याने माझे किती पैसे गेले ते मलाच माहीत.

सगळी दारं गप्प असतील तर दाराला हात लावूच नकोस. आधी चावीने किंवा आतल्या खटक्याने ड्रायव्हरचं दार लॉक करून बघ. त्याबरोबर बाकीची लागली, तर लॉक ठणठणीत आहेत, दोष रिमोटचा. गाडीला खेटून उभं राहिल्यावरच रिमोट चालत असेल तर सेल संपत आलाय. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर 2032 असतो, पण जुना सेल काढून त्यावरचा आकडा वाच आणि तसाच आण. चावीनेही काही हललं नाही तर फ्यूज बघ. फ्यूजची पेटी बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली किंवा बॉनेटखाली असते, आणि कुठला फ्यूज कशाचा ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा. आतली पट्टी तुटलेली दिसली तर त्याच आकड्याचा नवा लाव. मोठ्या आकड्याचा लावू नकोस आणि चांदीचा कागद गुंडाळून तर मुळीच भागवू नकोस. फ्यूज वाचेल, पण आतली वायर जळेल. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथे मात्र इलेक्ट्रिशियनच हवा. आणि सगळीच लॉक मरगळल्यासारखी चालत असतील, सकाळी स्टार्टरही कुरकुरत असेल, तर आधी बॅटरी तपासून घे.

एक गोष्ट लक्षात ठेव. जुन्या गाड्यांना बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक असतं ना, त्यात ड्रायव्हरचं दार म्हणजे घरातली कारभारीण. तिच्या मोटरला पाच वायरी असतात, बाकीच्यांना दोन-दोन. तिने सांगितलं की बाकीची दारं ऐकतात. म्हणून लॉक लागतात आणि लगेच "खट्" करून सगळी परत उघडतात असं झालं, तर ड्रायव्हरच्या दारातली मोटर नीट शेवटपर्यंत जात नाही असं समज आणि पहिली तीच तपासायला सांग.

आता तुझं दुखणं, एकच दार. रात्री सगळं शांत झालं की त्या दाराला कान लाव आणि दुसऱ्या कुणालातरी रिमोट दाबायला सांग. मोटर "घर्रर्र" फिरतेय पण खटका हलत नाही, तर दांडीची प्लॅस्टिकची क्लिप निसटलीय किंवा आतले दाते झिजलेत. दबका "टक्" येतो आणि खटका अर्ध्यावर अडतो, तर मोटर थकलीय किंवा लॉकमध्ये धुळीचं कीट जमलंय. आणि काहीच आवाज नसेल तर मोटरपर्यंत करंटच पोचत नाहीये, नाहीतर मोटर पार गेलीय.

करंट न पोचणं माझ्या वाट्याला आलं होतं. ड्रायव्हरशेजारचं दार कधी लागायचं, कधी नाही. मी दोनदा रिमोटचा सेल बदलला, मग रिमोटच नवा घेतला. शेवटी एका शांत स्वभावाच्या इलेक्ट्रिशियनने दार पूर्ण उघडलं आणि बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवली. आतली एक वायर तुटून तिचं तांबं हिरवं पडलं होतं. दार रोज उघडतं-मिटतं, तिथे वायर दरवेळी वाकते, वर्षानुवर्षं वाकून शेवटी तुटते. दार विशिष्ट कोनात धरलं की लॉक चालतं, हीच तिची खूण. त्याने नवा तुकडा जोडून दिला, अर्ध्या तासाचं काम. म्हणून तुला सांगते, मोटर बदलायच्या आधी ती नळी उघडून बघायला लाव.

आणि पावसाळा! काचेच्या बीडिंगमधून पाणी दारात उतरतंच, ते खालच्या बारीक भोकांतून निघून जायला हवं. भोकं चिखलाने बुजली की पाणी आत साचतं आणि मोटर गंजते. जूनच्या आधी दाराच्या खालच्या कडेला काडी फिरवून ती मोकळी कर. लॉकला सिलिकॉन स्प्रे किंवा पांढरं ग्रीस चालतं. मी एकदा घरातलं खोबरेल घातलं होतं. थंडीत ते गोठलं, धूळ चिकटली आणि खटका आणखी जड झाला. तू ते करू नकोस.

गॅरेजमध्ये गेलीस की "सेंट्रल लॉक बिघडलंय" एवढंच म्हणू नकोस. कुठलं दार, आवाज येतो की नाही, कधीपासून, सगळं सांग. "पूर्ण किटच बदला" असं म्हणाले तर आधी मोटरच्या वायरीत करंट येतोय का ते तुझ्यासमोर तपासायला सांग. एक मोटर काही शे रुपयांत मिळते, त्यासाठी चारही बदलायची गरज नाही. काढलेली मोटर परत मागून घे. तेवढा हक्क आहे तुझा.

पण बघ, हे दुरुस्त होईपर्यंत दोन गोष्टी पाळ. चावी गाडीत आणि बाळ सीटवर ठेवून, एका मिनिटासाठीसुद्धा, उतरू नकोस. बिघडलेलं लॉक केव्हा आपोआप लागेल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे काच फोडायची छोटी हातोडी हाताशी ठेव, डिकीत नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये माणसं गुदमरून गेली. दारं उघडली नाहीत, काचा खाली आल्या नाहीत. हातोडी बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायची, पुढच्या काचेवर नाही. ती दोन थरांची असते, सहज फुटत नाही.

घाबरवत नाहीये गं तुला. लॉकला मी एवढं मनावर का घेते, ते कळावं म्हणून सांगितलं. त्या मागच्या डाव्या दाराशेजारीच तुझं बाळ बसतं ना?

तर आज जेवणं झाली, ओटा आवरला की पाच मिनिटं खाली जा. दाराला कान लाव. "घर्रर्र", "टक्" की काहीच नाही, तेवढं मला फोनवर सांग. उद्या गॅरेजवाल्याला काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.