हौद्यावरचं झाकण घेण्याआधी पाण्याची वाट शोधा

पिकअपच्या हौद्यावर पक्कं झाकण बसवायचं ठरलं की लोक आधी विचारतात, "कुठलं घेऊ?" माझं सांगणं असं, की त्याआधी "माझ्या गाडीत पाणी कुठून शिरणार?" हे विचारा. झाकणाच्या अॅल्युमिनियममधून किंवा फायबरमधून पाणी झिरपत नाही. ते शिरतं कडेच्या फटींतून, पुढच्या कोपऱ्यांतून आणि बहुतेक वेळा मागच्या फाळक्याच्या बाजूंनी. या जागा तशाच ठेवल्या, तर झाकण कितीही महागाचं असलं तरी आतला माल भिजणारच.

मी सौर कृषिपंप बसवण्याचं काम करतो. कोल्हापूरहून गगनबावडा, पुढे करूळ किंवा भुईबावडा घाट उतरून वैभववाडी, कणकवली हा माझा नेहमीचा पट्टा. हौद्यात पंपाचे कंट्रोलर, केबलची बंडलं, कनेक्टर, ड्रिल, मीटर असा पाण्याशी वैर असलेला माल असतो. आधी ताडपत्री बांधायचो. वारा शिरला की ती फडफडते, दोरी सैल पडते आणि रात्री गाडी कुठे उभी केली की मालाला राखण उरत नाही. म्हणून डबल केबिनच्या पिकअपवर तीन घड्यांचं अॅल्युमिनियमचं झाकण बसवून घेतलं. बसवणाऱ्याने "शंभर टक्के वॉटरप्रूफ" अशी ग्वाही दिली होती.

जुलैच्या पावसात घाट उतरलो आणि एका वाडीत पोचून फाळका उघडला. हौद्याच्या मागच्या अंगाला पाणी साचलं होतं. कंट्रोलरचे पुठ्ठ्याचे खोके बुडापासून भिजून लगदा झाले होते, एका कंट्रोलरच्या सर्किटपर्यंत ओल गेली होती. ज्यांच्या विहिरीवर तो बसायचा होता, त्यांना नवा येईपर्यंत थांबावं लागलं. पण झाकणाला आतून हात लावला तर ते कोरडं ठणठणीत! सगळी मेख तिथेच होती. पाणी वरून आलेलंच नव्हतं.

हौदा मुळात उघडा वापरण्यासाठी घडवलेला असतो. आत पडलेलं पाणी वाहून जावं म्हणून फाळक्याच्या भोवती फट सोडलेली असते. वरून झाकण घातलं की तीच फट बाहेरचं पाणी आत घेते. गाडी वेगात असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे चाकांनी उडवलेलं पाणी आणि उन्हाळ्यात धूळ मागून आत ओढली जाते. दुसरी जागा पुढची. केबिनच्या टपावरचं पाणी मागच्या काचेवरून घरंगळत थेट झाकणाच्या पुढच्या कडेवर येतं. बाजूच्या रेल जिथे हौद्याच्या पुढच्या भिंतीला भिडतात, त्या दोन कोपऱ्यांत बोटाएवढी पोकळी राहिली तरी तिथून धार लागते. तिसरी जागा घड्यांच्या सांध्यांची. तिथलं रबर उन्हाने कडक झालं की पाणी झिरपू लागतं.

आता निवडीकडे येऊ. घडीचं झाकण बसवायला आणि काढायला सोपं. उंच माल आला तर दुमडून पुढे सारता येतं. पण त्याला सांधे जास्त, म्हणून देखभालही जास्त. फायबरचं एकसंध झाकण पावसाला सर्वांत चांगलं, कारण मधे सांधाच नसतो. मात्र ते जड असतं, उतरवायला दोन माणसं लागतात आणि कडेच्या वर जाणारा माल त्यात मावत नाही. रोलर शटर दिसायला देखणं, एका हाताने उघडतं. त्याची गुंडाळी ठेवायची पेटी मात्र हौद्याची पुढची जागा खाते. शिवाय पट्ट्यांमधून थोडं पाणी उतरणार हे त्याच्या रचनेतच धरलेलं असतं. ते पाणी बाजूच्या पन्हळींतून आणि पेटीच्या नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पाल्याने किंवा मातीने तुंबल्या की सगळं हौद्यात. केबिनच्या उंचीची कॅनॉपी हा चौथा पर्याय. तिच्यात जागा भरपूर, पण गाडीचं वजन आणि रूप दोन्ही बदलतं.

माहितीपत्रकात 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय की 'वॉटरप्रूफ', ते नीट वाचा. पहिल्याचा अर्थ एवढाच, की पाण्याला विरोध होईल. आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेलंच झाकण घ्या. इसुझू व्ही-क्रॉस 2016 पासून आणि टोयोटा हायलक्स 2022 पासून आपल्याकडे विकली जाते, पण दोघींच्या हौद्यांची मापं सारखी नाहीत. कापून, ठोकून बसवलेलं झाकण कधीच नीट बसत नाही. हौद्यात प्लास्टिकचं लायनर असेल आणि ते कडेवरून बाहेर वळलेलं असेल, तर रेलचे क्लॅम्प त्यावर घट्ट बसत नाहीत. तेवढ्या जागी लायनर कापून घ्यावं लागतं. रोल बार असेल तर त्याच्यासह चालणारं झाकण आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

भोक पाडण्यापेक्षा क्लॅम्पने बसणारं झाकण केव्हाही बरं. भोक पाडावंच लागलं तर त्याची कड घासून, झिंक प्रायमर आणि रंग लावूनच बोल्ट घाला. कोकणातल्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम आणि लोखंड थेट टेकले की ओल धरून गंज लवकर चढतो. मधे नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर हवाच.

पाणी थोपवण्याचं काम तीन ठिकाणी करायचं. फाळक्याच्या दोन्ही बाजूंना आतून पोकळ नळीसारखं ईपीडीएम रबराचं बीडिंग चिकटवा. साधा स्पंज उन्हापावसात लवकर कुजतो. फाळका बंद केल्यावर बीडिंग साधारण तिसऱ्या हिश्शाने दबलं पाहिजे. त्याहून जाड घेतलं तर कुलूप लागत नाही किंवा बिजागरीवर ताण येतो. चिकटवण्याआधी जागा साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि चिकटवल्यावर किमान 24 तास पाणी लागू देऊ नका. पावसाळी दमट हवेत बीडिंगचा डिंक धरत नाही, म्हणून हे काम मे महिन्यात उरकावं. पुढच्या कोपऱ्यांतली पोकळी ब्यूटाइल टेपने किंवा न्यूट्रल क्युअर सिलिकॉनने भरा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते लावू नका, त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो. घड्यांच्या रबरांना दर काही महिन्यांनी सिलिकॉन ग्रीसचा हात द्या. ऑइल किंवा पेट्रोलियम जेली लावली तर रबर फुगतं आणि सैल पडतं.

हे सगळं करताना एक गोष्ट विसरू नका. आपलं कौलारू घर कोरडं राहतं ते उतार, पन्हळ आणि पागोळ्यांच्या जोरावर. हौद्यालाही तोच नियम. तळाची निचऱ्याची भोकं आणि फाळक्याच्या खालची मधली फट बंद करू नका. चारी बाजूंनी सील ठोकलं आणि थोडं जरी पाणी आत आलं, तर ते बाहेर पडणार कुठून? तळाशी लाकडी पट्ट्या किंवा भोकांची प्लास्टिक जाळी घालून माल दोन इंच उचलून ठेवा. तेवढ्यानेही खोक्यांचं बूड वाचतं.

तपासणी मात्र स्वतः करा. भर दुपारी एका माणसाने हौद्यात बसावं, दुसऱ्याने बाहेर किल्ली घेऊन थांबावं आणि कुलूप न लावता झाकण बंद करावं. जिथून उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा. बीडिंगमध्ये कागदाचा कपटा धरून फाळका लावा. कपटा सहज ओढला गेला, तर तिथे दाब पडत नाही. मग हौद्यात कोरडी वर्तमानपत्रं अंथरून बागेच्या साध्या नळीने पाणी मारा, आधी खालचा भाग, मग बाजू, शेवटी वरची कड. एकेका भागावर पाच मिनिटं थांबलात तर भिजलेला कागद जागा सांगतो. सगळीकडे एकदम पाणी ओतलं तर काहीच कळत नाही. गाडी चढावर आणि उतारावर उभी करूनही हेच करा. घाट चढताना पाणी मागे धावतं, उतरताना पुढे.

पावसाइतकाच उन्हाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये काळ्या झाकणाखाली हौदा भट्टीसारखा तापतो. हापूसच्या पेट्या बंद झाकणाखाली दिवसभर ठेवल्या तर फळ खराब होतं. पेट्या पहाटे किंवा रात्री न्या आणि पोचल्यावर लगेच उघडा. पेट्रोलचे कॅन, थिनर किंवा कुठलाही जीव झाकणाखाली ठेवू नका. पावसात भिजलेला रेनकोट आत टाकला तर त्याची वाफ झाकणाला लागून थेंब पडतात आणि माणूस गळती शोधत बसतो. कोरडा दिवस मिळाला की झाकण उघडून हवा लागू द्या.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं. काढता येणाऱ्या झाकणापेक्षा कॅनॉपीबाबत हा प्रश्न जास्त येतो, म्हणून ती घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या. झाकणाचं बिल जपून ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवून ते पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून नोंदवून घ्या.

आणि इतकं सगळं करूनही विजेचं सामान फक्त झाकणाच्या भरवशावर ठेवू नका. ते आयपी 65 किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या बंद पेटीतच ठेवा. झाकण हे पहिलं संरक्षण, पेटी हे दुसरं. मृग 7 जूनच्या सुमारास लागतो. त्याआधीचा एक रविवार हौद्याला द्या: बीडिंग बघा, नळ्या साफ करा, नळीने पाणी मारून खात्री करून घ्या. विक्रेत्याची ग्वाही दुकानापुरती असते; आपल्या मालाची जबाबदारी आपल्यालाच घ्यावी लागते.