पाचवी चिमणी

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी व कुटुंबांसाठी अभ्यासपाठ

शास्त्रवाचन : अनुवाद २२:६-७, स्तोत्र ८४:१-४, मत्तय १०:२६-३१, लूक १२:६-७

पाठाचा हेतू : देवबाप लहानात लहान जिवाची दखल घेतो हे ओळखणे, आणि जे आपल्या हाती सोपवले आहे त्याबद्दल आपण जबाबदार आहोत हे मान्य करणे.

प्रस्तावना

नागपूर-छिंदवाडा रेल्वेमार्गावर रामाकोना हे आमचे गाव. पूर्वी सौंसर तालुका छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि आम्ही त्यात आलो. संत्र्याचे बगीचे, कापूस, ज्वारी आणि जवळून वाहणारी कन्हान नदी, असा हा मुलूख. आमच्या लहानपणी येथील बहुतेक घरे मातीच्या भिंतींची व कवेलूंची होती. कवेलूंच्या फटीत, आढ्याच्या बेचक्यात, भिंतीवरच्या तसबिरीमागे चिमणी घरटे करी. देवघर असो की प्रार्थनेची खोली, तिला कोणी हाकलत नसे. आता कवेलू गेले, स्लॅब आला. भिंती गुळगुळीत झाल्या, खिडक्यांना जाळ्या लागल्या. घर आपले पक्के झाले, पण चिमणीचे मोडले.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही शब्बाथशाळेच्या मुलांना घेऊन अंगणात पक्ष्यांसाठी पेटी लावली. त्या पेटीने आम्हांला जे शिकवले, ते या पाठात मांडत आहोत. त्यातला पहिला भाग सांगायला जड जातो, तरी तो टाळणे बरे नाही.

१. आमची चूक

पहिली पेटी आम्ही पत्र्याच्या डब्याची केली. मुलांनी तिला रंग दिला, दाराशी बसायला काडी लावली, आणि सर्वांना दिसावी म्हणून ती पश्चिमेच्या भिंतीवर ठोकली. चिमण्यांच्या एका जोडीने ती पसंत केली. गवत, दोरे, पिसे आत जाऊ लागली. अंडी घातली गेली. बारा-तेरा दिवसांनी आतून बारीक चिवचिव ऐकू आली तेव्हा मुलांच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

ते दिवस मे महिन्याचे होते. आमच्याकडचे ऊन वाचकांना सांगायला नको. दुपारनंतर पश्चिमेचा सूर्य त्या पत्र्यावर येई. एके दिवशी संध्याकाळी चिवचिव थांबली. पेटी उघडली तेव्हा चारही पिल्ले मेलेली होती. पत्रा हाताला चटका देत होता.

कोणीतरी मुलांचे सांत्वन करावे म्हणून म्हणाले, "देवाची इच्छा." आम्हीही मान हलवली. पण घरी आल्यावर ते शब्द आम्हांला टोचू लागले. ही देवाची इच्छा होती काय? देवाने चिमणीला सावलीची फट शोधण्याची बुद्धी दिली होती. पत्र्याचा डबा उन्हात टांगला तो आम्ही. पुढच्या रविवारी मुलांसमोर उभे राहून आम्ही सांगितले की, ही चूक आमची होती. देवाचे नाव पुढे करून आम्ही ती झाकणार नाही.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील लहानसा नियम येथे लक्षात घेण्यासारखा आहे. वाटेत घरटे आढळले आणि त्यात आई पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिल्लांबरोबर आईलाही धरू नये, तिला जाऊ द्यावे, अशी ती आज्ञा आहे. आणि तिला जोडलेले अभिवचन कोणते? कल्याण व दीर्घायुष्य. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला (अनुवाद ५:१६) जे अभिवचन आहे, तेच येथे एका घरट्याला लावलेले आहे! याचा अर्थ घरट्याजवळ मनुष्य कसा वागतो हे देव पाहतो. हात आपला असेल तर हिशेबही आपला असतो.

२. पिल्लांचे संगोपन

दुसऱ्या वर्षी आम्ही जाणकारांना विचारून पेटी केली. फळीची, आतून न रंधलेली, म्हणजे पिल्लांना नखे रोवून वर चढता येते. तळ वीतभर लांबीरुंदीपेक्षा थोडा कमी, दाराचे भोक सव्वा इंचाचे, तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे. दाराशी काडी नाही, कारण चिमणीला ती लागत नाही आणि कावळ्याला मात्र तिचा उपयोग होतो. छपराच्या वळचणीखाली, उत्तरेच्या बाजूला, मांजर पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ती लावली. दयाळ पक्षीही अशा पेटीत घरटे करतो. पण त्याला भोक दोन इंचांचे लागते. दयाळ! केवढे सुंदर नाव आपल्या लोकांनी त्या गाणाऱ्या पाखराला दिले आहे.

मुलांना नियम घालून दिला : पाहायचे ते दुरून, पेटीला हात लावायचा नाही. मुले ओसरीवर वही घेऊन बसत. त्यांनी जे पाहिले ते असे. गळ्याखाली काळा डाग असलेला तो चिमणा, आणि साधी भुरकी ती चिमणी. अंड्यांवर जास्त वेळ चिमणी बसते, पण चिमणाही पाळी घेतो. पिल्लू जन्मते तेव्हा उघडे व आंधळे असते. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, फक्त चोच उघडी. मग आईबाप दोघेही दिवसभर फेऱ्या घालतात. वहीत फेऱ्यांच्या रेघा मारता मारता मुले थकली, पण पाखरे थकली नाहीत. परत जाताना ती पिल्लांची घाणही चोचीत धरून दूर नेऊन टाकतात आणि घर स्वच्छ ठेवतात. पंधरा दिवसांच्या सुमारास पिल्लू दाराशी येऊन बसते, आणि आईबाप समोरच्या फांदीवरून त्याला साद घालतात.

मुलांना एका गोष्टीचे फार आश्चर्य वाटले. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना प्रथम अळ्या व किडे भरवते. पिल्लाच्या वाढीला किडाच लागतो. मग आपण बगीच्यात व कापसात ज्या फवारण्या करतो, त्यांनी पिल्लांचे अन्नही नाहीसे होते. शेत आपले, पीक वाचवणे भाग आहे, हे आम्ही जाणतो. पण अंगणातली चार झाडे तरी विनाफवारणीची ठेवता येतील, अंगणात ज्वारीची दोन कणसे टांगता येतील आणि मातीच्या परळात पाणी ठेवता येईल.

दरवर्षी २० मार्चला चिमणी दिन पाळला जातो. तो २०१० सालापासून सुरू झाला, आणि त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार आहे. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशभर पाहता चिमण्यांची संख्या बरीचशी टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे गावांकडे अजून वेळ आहे.

३. हात बदलू शकतो

मुंबईत एक मुलगा होता. चेंबूर येथे तबेल्याच्या भिंतीतील घरट्याशी बसलेल्या चिमण्याला त्याने छऱ्याच्या बंदुकीने मारले. चिमणीने दुसरा जोडीदार आणला, त्यालाही मारले. सात दिवसांत त्याने आठ नर मारले आणि वहीत तशी अभिमानाने नोंद केली. पुढे त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती हे विचारण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्याला रागावून घालवले नाही. कपाटे उघडून पक्ष्यांचा संग्रह दाखवला. तोच मुलगा पुढे भारताचा थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली झाला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात त्यांनी चिमणीच्या पडण्याचाच उल्लेख केला. ते शब्द शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकातले, आणि तेथे ते आपल्या मत्तय दहाव्या अध्यायावरून आलेले आहेत.

गुलेर घेतलेला मुलगा आपल्याही वर्गात असतो. शिक्षकांनी त्याची गुलेर तेवढी हिसकावून घेऊ नये, मिलार्डसाहेबांप्रमाणे एखादे कपाटही उघडावे. आपले रेव्ह. नारायण वामन टिळक यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. बाण लागलेली पक्षीण मरता मरता पिल्लांपर्यंत पोहोचते, ती कथा मुलांना अवश्य सांगावी.

४. जमिनीवर पडलेले पिल्लू

दुसऱ्या वर्षी एक पिल्लू पेटीतून खाली पडले. अंगावर पिसे नीट फुटली नव्हती. मनुष्याचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असे आपण ऐकत आलो आहोत. पण ते खरे नाही. एका मुलाने ते ओंजळीत उचलले, आम्ही शिडी धरली आणि त्याने ते पेटीत परत ठेवले. थोड्याच वेळात चिमणी चोचीत अळी घेऊन आत गेली. (पिसे फुटलेले, उड्या मारणारे पिल्लू मात्र उचलून घरी नेऊ नये. त्याचे आईबाप जवळच असतात. फक्त कुत्र्यामांजरापासून राखण करावी.)

शिडीवरून उतरल्यावर त्या मुलाने विचारले, "देव चिमण्या मोजतो, तर माझी बहीण कशी गेली?" त्याची धाकटी बहीण आदल्या पावसाळ्यात तापाने दगावली होती. आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही. आम्ही त्याच्याजवळ ओसरीवर बसलो.

नंतर आम्ही मत्तयाचा उतारा पुन्हा वाचला. चिमणी पडणारच नाही, असे प्रभू म्हणत नाही. ती पित्यावाचून पडत नाही, असे तो म्हणतो. पडणे आहे, पण ज्या जागी ती पडते तेथे पिता गैरहजर नाही. आणि हे सांगणारा प्रभू पुढे स्वतः वधस्तंभावर गेला, कबरेत उतरला. तो दुरून बोललेला नाही. आम्ही मुलाला एवढेच सांगितले की, "का" ते आम्हांला कळलेले नाही. पण तुझी बहीण त्याच्या मोजणीतून सुटलेली नाही, आणि तूही नाहीस.

आता लूकाचा उतारा पाहा. मत्तयात एका लहान नाण्याला दोन चिमण्या आहेत. ते तांब्याचे नाणे म्हणजे मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा सोळावा भाग. त्या हिशेबाने दोन नाण्यांना चार याव्यात. पण लूकात दोन नाण्यांना पाच येतात. पाचवी फुकट! बाजारात जिला किंमतच नाही, तिचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू सांगतो.

आपल्या मंडळीत पाचवी चिमणी कोण? मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा, एकटी राहणारी विधवा, ज्यांच्याकडे कोणी भेटीला जात नाही ते म्हातारे. स्तोत्रकर्त्याला देवाच्या वेदीजवळ चिमणीचे घर दिसले. आपल्या उपासनामंदिरात अशांना घर सापडते काय?

त्या उन्हाळ्यात आमच्या पेटीतून तीन पिल्ले उडाली. खाली पडलेले पिल्लू शेवटी उडाले. त्या वेळी तो मुलगा ओसरीवरच होता. त्याने वहीत तारीख लिहिली आणि पुढे लिहिले : "पोहोचले."

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या चुकीला आपण कधी "देवाची इच्छा" म्हटले आहे काय?
२. अनुवाद २२:६-७ मधील आज्ञा इतकी लहान असूनही तिला मोठे अभिवचन का असावे?
३. शोक करणाऱ्या मुलाजवळ आपण उत्तर घेऊन जातो की सोबत?
४. या महिन्यात आपण कोणत्या 'पाचव्या चिमणी'कडे जाणार आहोत? नाव मनात धरून प्रार्थना करा, आणि मग भेटायला जा.

वर्गासाठी कृती : पावसाळा संपल्यावर मुलांकडून फळीची एक पेटी करून घ्यावी व फेब्रुवारीपूर्वी सावलीच्या बाजूस लावावी. पिल्ले उडून गेल्यावर आतले जुने गवत काढून पेटी स्वच्छ करावी. घरटे सुरू असताना ती उघडू नये.