मावळ्यांचे चेहरे गुलाबी का दिसतात?

प्रश्न : दिवाळीच्या किल्ल्यासाठी यंदा आम्ही घरीच शाडूचे मावळे केले आहेत, साधारण दोन इंच उंचीचे. मुलांनी हौसेने रंगवायला घेतले. पण दुकानातला 'फ्लेश टिंट' लावला की चेहरे गुलाबी बाहुल्यांसारखे दिसतात आणि त्यात काळा मिसळला की आजारी माणसासारखे राखाडी. उन्हातान्हात वावरणाऱ्या आपल्याकडच्या माणसाच्या कातडीचा रंग तयार कसा करायचा? (एक वाचक, कराड)

उत्तर : आधी ती 'फ्लेश टिंट'ची ट्यूब बाजूला ठेवा. पांढऱ्यात थोडा लाल, थोडा पिवळा असं ते तयार मिश्रण गोऱ्या युरोपीय माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीच्या रंगखडूंतही असाच एक फिकट 'फ्लेश' खडू होता. १९६२ साली कंपनीने त्याला 'पीच' म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडची मुलं माणूस रंगवायचा म्हटलं की अजून तीच गुलाबी ट्यूब शोधतात, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या हातात ब्रश आहे, त्याच हाताकडे नीट पाहिलं तर कितीतरी गोष्टी कळतात.

हाताची मागची बाजू पाहा, मग तळवा पाहा. बोटांच्या पेरांवर रंग गडद, नखांच्या खाली गुलाबी, मनगटाच्या आतल्या बाजूला हिरवट-निळ्या शिरा. एका हातावर इतके रंग आहेत, कारण कातडी हा भिंतीला लावलेल्या रंगासारखा एकच थर नसतो. वरच्या थरात मेलॅनिन असतं, त्याच्या खाली रक्त वाहत असतं आणि उजेड या दोन्हींतून आत जाऊन परत येतो. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या सगळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. त्या किती मेलॅनिन बनवतात आणि काळपट-तपकिरी प्रकारचं बनवतात की पिवळट-तांबूस, यावर माणूस गोरा, गव्हाळ की सावळा ते ठरतं. म्हणून कोणाचीही कातडी घेतली तरी ती नारिंगी-तपकिरीच्याच घरातली निघते, कुठे फिकी तर कुठे गडद.

खालून येणारं रक्ताचं तांबूसपण पाहायचं असेल, तर सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र पाहा. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि अनेक जण चुकून ते राजा रविवर्म्याचं समजतात. दिव्याच्या ज्योतीवर तिने आडवा धरलेला हात पाहा, बोटं आतून पेटल्यासारखी लालसर दिसतात. कातडीतून उजेड आरपार येतो, हे त्या बोटांत दिसतं.

आता मिश्रण. चार-पाच ट्यूब पुरतात : यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, क्रिमसन आणि अल्ट्रामरिन निळा. दोन भाग यलो ऑकर, एक भाग बर्न्ट सिएना आणि त्यात क्रिमसनचं नुसतं बोट लावल्याइतकं प्रमाण, हा झाला गव्हाळ रंग. सावळ्यासाठी बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर सारखे घ्या, ऑकर थोडासाच. अगदी काळ्यासावळ्या माणसासाठी अंबर वाढवा आणि ब्रशच्या टोकाने निळा टाका. कंपनीगणिक रंगाचा जोर बदलतो, तेव्हा ही प्रमाणं सुरुवातीपुरतीच धरा. पुढचं डोळ्यांनी ठरवायचं.

काळ्याने घोटाळा होतो तो असा. पिवळा आणि काळा मिसळले की हिरवट शेवाळी रंग तयार होतो आणि 'फ्लेश टिंट'मध्ये भरपूर पांढरा असल्याने त्याचा वर राखाडी होतो. सावली गडद करायला बर्न्ट सिएनात अल्ट्रामरिन मिसळा. काळ्याइतकाच खोल, पण जिवंत रंग मिळतो. काळा सर्वस्वी वर्ज्य आहे असं मात्र नाही. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) पिवळा ऑकर, शेंदरी लाल, काळा आणि पांढरा एवढ्याच रंगांत सुंदर व्यक्तिचित्रं करण्यासाठी ओळखले जातात. त्या जोडीत काळा हा निळ्याचं काम करतो. हे साधायला हात बसावा लागतो, मुलांनी निळ्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

पांढऱ्याचंही तसंच. टायटॅनियम पांढरा रंगाला थंड आणि खडूसारखा करतो. सावळ्या गालावर तो चढवला की भस्म फासल्यासारखं दिसतं. उजळ भागासाठी आधी ऑकर वाढवा, मग किंचित नारिंगी, आणि अगदी शेवटी, नाकाच्या शेंड्यापुरता पांढरा.

दोन इंचांच्या बाहुलीचं डोकं जेमतेम सात मिलिमीटरचं. एवढ्याशा खोबणीत खोलीतल्या उजेडाची नीट सावली पडत नाही, म्हणून सावली आपणच रंगवायची आणि खऱ्यापेक्षा जरा ठळक रंगवायची. हातभरावरून पाहिलं की ती बरोबर दिसते. मुंडाशाच्या लगेच खाली, भुवयांखाली, नाकाच्या बाजूला आणि हनुवटीखाली गडद रंग द्या. कान, नाकाचा शेंडा, गालाचा वरचा भाग आणि बोटांच्या फटी इथे क्रिमसनची झाक हवी, कारण तिथे रक्त कातडीच्या जवळ असतं. कपाळ जरा पिवळसर ठेवा. दाढी केलेल्या पुरुषाच्या जबड्यावर खुंटांमुळे निळसर-राखाडी छटा येते, तिथे त्याच मूळ रंगात निळ्याचा कण टाकून एक पातळ हात फिरवा. एवढ्याने चेहरा पुरुषाचा वाटू लागतो, आणि मिशा तर त्याच्या वर येणारच आहेत. डोळ्यांत पांढरे ठिपके देऊ नका, मावळा दचकल्यासारखा दिसतो. भुवईखाली एक गडद तपकिरी रेघ पुरे.

उन्हाचं भानही ठेवा. शेतात राबणाऱ्या माणसाचे हात कोपरापासून खाली काळवंडलेले आणि दंड त्याहून उजळ असतात. अंगरखा ज्याने काढून ठेवला आहे, त्या मावळ्याची छाती चेहऱ्यापेक्षा फिकी रंगवा. शिवाय सगळे मावळे एका वाटीतून रंगवू नका. प्रत्येक चार-पाच बाहुल्यांनंतर मिश्रणात एखादा कण अंबर किंवा ऑकर घाला. किल्ल्यावरची माणसं निरनिराळ्या घरांतली वाटतील.

कच्च्या शाडूवर थेट पाण्याचा रंग चढवला तर माती सुटते. आधी पांढरा प्रायमर किंवा पातळ केलेला फेव्हिकॉल लावून पूर्ण वाळू द्या. पोस्टर कलरवर दुसरा हात दिला की खालचा थर पुन्हा विरघळतो, त्यामुळे अशा पातळ छटांसाठी ॲक्रिलिकच घ्या. किल्ला अंगणात असेल तर रात्रीच्या दवातही ते टिकतं. ब्रश एक नंबरचा चालतो, टोक अणकुचीदार हवं. शून्य नंबरचा चिमुकला ब्रश घेतला तर त्यातला रंग चेहऱ्यापर्यंत पोहोचेतो वाळतो. शेवटी मॅट व्हार्निश द्या, चकाकी आली की माती प्लॅस्टिक दिसू लागते.

प्रश्न : रात्री ट्यूबलाइटखाली रंगवलेला चेहरा सकाळी अंगणात वेगळाच दिसतो. असं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दोन कारणं आहेत. बल्बच्या किंवा ट्यूबच्या उजेडात सगळे रंग सूर्यप्रकाशात असतात त्या प्रमाणात नसतात, त्यामुळे दोन तपकिरी छटा रात्री सारख्या वाटतात आणि दिवसा फुटून वेगळ्या दिसतात. दुसरं म्हणजे ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो. कातडीचं मिश्रण दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी बसून करा. कागदावर त्याचा ठिपका लावा, वाळू द्या आणि मगच बाहुली हातात घ्या. ठिपक्याशेजारी प्रमाण लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीत एखाद्या मावळ्याचा हात मोडला तर तोच रंग पुन्हा करता येईल.