सत्संग सोडून गेलेल्यांशी आपण कसं वागतो?

🙏 ॥ श्री गुरवे नमः ॥ 🙏

या आठवड्याच्या अभ्यासाचा विषय थोडा अवघड आहे. एकट्याने वाचून पुढे पाठवण्यापेक्षा घरात सगळ्यांनी मिळून वाचावा, ही विनंती. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

*हा विषय का घेतला*

आपल्याकडे एक ताई चौदा वर्षं नेमाने पारायणाला यायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी येणं थांबवलं. भांडण नाही, तक्रार नाही. "आता मन लागत नाही," एवढंच म्हणाल्या. आम्ही त्यांचं नाव ग्रुपमधून काढलं, ते एक वेळ ठीक होतं. पण मग हळदीकुंकवाच्या यादीतूनही ते गेलं. बाजारात दिसल्या की आम्ही भाजी निवडण्यात गढून जायचो. कोणी तसं ठरवलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं.

मागच्या श्रावणात त्यांचे सासरे गेले. कुणाच्या घरी असं झालं की त्या दिवशी पिठलं-भात आपल्या सेवेकऱ्यांकडून जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मात्र ग्रुपवर कुणी विचारलंच नाही. एका वहिनींनी आम्हाला वेगळा फोन केला: "जायचं का हो? कुणी काही म्हणेल का?" हा प्रश्न आमच्या मनातून अजून जात नाही. भुकेल्या घरी भात न्यायला आपल्याला भीती का वाटावी?

*बहिष्कार कुणी घातला?*

ज्ञानेश्वर माउलींच्या आई-वडिलांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. घरी पत्नी आहे हे कळल्यावर गुरूंनीच त्यांना परत पाठवलं आणि संसार कर म्हणून आज्ञा केली. विठ्ठलपंत आळंदीला आले आणि समाजाने त्यांना वाळीत टाकलं. चार मुलं झाली, त्यांनाही 'संन्याशाची पोरं' म्हणून दूर ठेवलं. आई-वडिलांनी देहत्याग केला तरी मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं, असं परंपरा सांगते.

ही कथा आपण माउलींच्या चमत्कारांसाठी ऐकतो. पण एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. गुरूंनी विठ्ठलपंतांना टाकलं नव्हतं, घरी पाठवलं होतं. टाकलं ते धर्म राखतो म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनी. त्या शेजाऱ्यांनाही आपण पाप करतोय असं वाटलं नसणार. त्यांना ते कर्तव्यच वाटलं असेल.

*दाब एकावर नसतो, घरावर असतो*

जुन्या काळी याला ग्रामण्य म्हणत. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं दिली गेली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही तिथे होते. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं. एवढा विद्वान, धीराचा माणूस एका कप चहासाठी का नमला? कारण ग्रामण्याचा त्रास एकट्याला होत नसे. श्राद्धाला भटजी मिळत नाही, पंगतीला कुणी येत नाही, मुलींच्या सासरी प्रश्न उभे राहतात. स्वतःचं सोसता येतं, पण आपल्यामुळे स्नेह्यांच्या घरी अडचणी आल्या की मोठमोठी माणसं वाकतात.

पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला. ज्या मुरुड गावासाठी त्यांनी फंड उभारला होता, त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना जवळ केलं तर घरच्यांवरही बहिष्कार! म्हणजे मुलाला घरात घ्यायचं तर सगळ्या घराने गावाबाहेर व्हायचं. त्याच कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं. गावाला चूक कळली, पण मधली वर्षं काही परत येत नाहीत.

या दोन्ही गोष्टींत एकच युक्ती दिसते. गेलेल्या माणसाला शिक्षा करायची ती त्याच्यासाठी कमी, आणि त्याच्याशी बोलू पाहणाऱ्यांसाठी जास्त. आमच्या वहिनींचा "कुणी काही म्हणेल का?" हा प्रश्न तिथूनच येतो.

*इतरत्र काय आहे*

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायो भागात आमिश नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. साधी राहणी, घोडागाडी, शेती यासाठी तो प्रसिद्ध आहे. 1693 साली याकोब आमान या धर्मोपदेशकाने कडक बहिष्काराचा आग्रह धरला आणि त्यावरून हा पंथ मूळ मंडळींपासून वेगळा झाला. त्यांच्यात दीक्षा मोठेपणी, स्वतःच्या इच्छेने घेतात. दीक्षा न घेता कुणी निघून गेला तर त्याला टाकत नाहीत. पण दीक्षा घेऊन वचन मोडलं, तर त्याच्यासोबत एका टेबलावर जेवत नाहीत, त्याच्या हातून वस्तू घेत नाहीत. उद्देश हा की त्याला पश्चात्ताप व्हावा आणि त्याने परत यावं.

तरीही आई ती आईच. काही घरांत दोन टेबलं अगदी जवळ ठेवतात, मध्ये बोटभर फट, आणि वरून एकच मोठं कापड घालतात. नियमही पाळला आणि मुलगाही शेजारी बसला! वाचताना हसू येतं, पण डोळ्यांत पाणीही येतं.

*कायदा काय सांगतो*

वडोदरा, इंदूर, सुरत इथे राहणाऱ्यांना दाऊदी बोहरा समाज परिचयाचा आहे, मेहनती आणि व्यवस्थित माणसं. त्यांच्यातल्या बहिष्काराचा वाद बराच जुना आहे. 1949 मध्ये मुंबई राज्याने कुणालाही समाजाबाहेर काढण्याविरुद्ध कायदा केला. बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 साली सुप्रीम कोर्टाने बहुमताने तो कायदा रद्द केला. धर्माच्या कारणाने सभासदाला काढणं हा पंथाचा स्वतःचा कारभार आहे, असं बहुमताचं म्हणणं होतं. त्या वेळचे सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत मात्र वेगळं होतं. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

दरम्यान महाराष्ट्राने 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. जातपंचायतींच्या जाचाला कंटाळलेल्या लोकांची ती मागणी होती. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. पण तो महाराष्ट्रापुरता आहे, आणि आपल्यातले बहुतेक जण त्या राज्याबाहेर राहतो. शिवाय भाजी निवडण्याचं सोंग करून मान फिरवणाऱ्यावर कोणता कायदा लागणार? ते आपणच पाहायला हवं.

*"पण गुरुनिंदा ऐकू नये ना?"*

हा प्रश्न नक्की येईल, आणि तो खरा आहे. सोडून गेलेलं माणूस कधी कधी कडवट बोलतं. ऐकताना आपल्याला यातना होतात. अशा वेळी तो विषय थांबवावा: "काकू, हे नको बोलूया, तुमच्या गुडघ्याचं कसं आहे ते सांगा." विषय सोडायला हरकत नाही, माणूस सोडायचं कारण नाही.

आणि कधी त्यांच्या कडवटपणात एखादी खरी गोष्टही असते. कुणी आजारी असताना कुणी चौकशी केली नाही, कुणाला वर्गणीवरून सगळ्यांसमोर बोललं गेलं. असं काही असेल तर ती निंदा नाही, आपली चूक कुणीतरी दाखवली एवढंच. ती ऐकून घ्यावी आणि सुधारावी.

दुसरं असं, सत्संगात कुणाला ठेवायचं, सेवा कुणाला द्यायची, याचे नियम असायलाच हवेत. शिस्त वेगळी आणि वाळीत टाकणं वेगळं. ग्रुपमध्ये नाव नसणं ही शिस्त झाली. मयताच्या घरी भात न जाणं हा बहिष्कार झाला.

*मूळ प्रश्न श्रद्धेचा आहे*

आम्ही बरेच दिवस यावर विचार केला. बाहेर पडलं तर माहेर, मैत्रिणी, मुलांची लग्नं सगळंच तुटेल, या भीतीने जर कुणी आपल्यात बसलं असेल, तर ते नामस्मरण कुणाचं? देवाचं की आपल्या धाकाचं? गर्दी दिसते, पण आत किती जण मनाने आहेत हे कळायचा मार्गच राहत नाही. ज्याला उठून जाता येतं आणि तरी जो बसून राहतो, त्याच्या बसण्याला भक्ती म्हणता येते.

आपल्या मुलांचाही विचार करा. घरातला मुलगा "मला आरतीला यायचं नाही" म्हणाला की आपण आधी "लोक काय म्हणतील" असं बोलतो. "का रे बाबा?" असं विचारतो का?

*पुढे काय झालं*

त्या ताईंचं एक पातेलं महाप्रसादाच्या स्वयंपाकघरात राहिलं होतं, त्यांचं नाव कोरलेलं. दोन वर्षं आम्ही त्यातच आमटी करत होतो! सुतक फिटल्यावर आम्ही तिघी जणी ते घासूनपुसून घेऊन गेलो. भांडं रिकामं परत करू नये म्हणून त्यात घरचे तांदूळ घातले. दार उघडलं तेव्हा आम्हाला काय बोलावं सुचेना. "तेव्हा यायला हवं होतं, आलो नाही, चुकलं आमचं," एवढंच म्हणता आलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बसा, चहा टाकते."

त्या सत्संगाला परत आलेल्या नाहीत. आम्ही विचारलंही नाही. पण संक्रांतीला वाण घेऊन जाणार आहोत, आणि आता लपूनछपून जाणार नाही.

*घरी चर्चेसाठी*

1. आपल्या ओळखीत सत्संग सोडलेलं कोण आहे? त्यांच्याशी शेवटचं कधी बोललो?
2. त्यांच्याशी बोलताना आपल्याला नक्की कुणाची भीती वाटते?
3. आपल्या घरातल्या कुणाला उद्या यायचं नसेल, तर तो ते मोकळेपणाने सांगू शकेल का?

*या आठवड्याचा संकल्प:* अशा एका घरी फोन करायचा. सत्संगाचा विषय काढायचा नाही. फक्त चौकशी करायची.

लिहिण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर क्षमा असावी.

🙏 ॥ श्री गुरुचरणी अर्पण ॥ 🙏